नानुलीची सही

सरकारी कागदाला नानुली कधी घाबरली नाही. जॉर्जिया देशातल्या झेस्टाफोनीच्या धातूच्या कारखान्यात तिने बावीस वर्षं क्रेन चालवली होती, छपराला लागून धावणारी, आणि खाली तापलेला लाल माल. शिवाय ज्या देशात ती जन्मली तिथे साध्या रजेलासुद्धा चार शिक्के लागायचे. त्यामुळे अमेरिकेचं दोन वर्षांचं कच्चं ग्रीन कार्ड पक्कं करून घ्यायची वेळ आली, तेव्हा वकिलाच्या मागे न लागता तिने फाईल स्वतःच लावायला घेतली. हे नवराबायको खरोखर एकत्र संसार करतात का, याचा पुरावा हवा होता सरकारला. घ्या की! पुराव्याला काय तोटा? लग्नाचे फोटो होते, त्यात पन्नाशी उलटलेला नवरदेव रॉडनी लाहटी भाड्याच्या कोटात घामाघूम झालेला. बँकेतलं दोघांच्या नावचं खातं होतं. अंथरुणाला खिळलेल्या सासूच्या, आयलीच्या, डॉक्टरांची चिठ्ठी होती, की हिची सगळी देखभाल सून करते. राहता राहिले गेल्या दोन वर्षांचे आयकराचे कागद. ते रॉडनीने सकाळी कामावर जाताना कपाटातून काढून टेबलावर ठेवले होते.

इंग्रजी ती हळू वाचायची, शब्दाखाली बोट धरून. पण पहिल्याच पानावर, वरच्या अंगाला, लग्न झालंय का ते विचारतात तिथे ज्या शब्दापुढे खूण होती तो तिला बोट न धरता वाचता आला. अविवाहित. अहो, तो शब्द तिला पाठच होता! सेहेचाळीस वर्षांची होईपर्यंत प्रत्येक कागदावर तिने स्वतःच्या हाताने तीच खूण केली होती. तिने दुसऱ्या वर्षाचा कागद ओढला. तिथेही तेच. दोन्ही कागद उलटसुलट करून पाहिले, तिचं नाव कुठे औषधालाही नव्हतं.

तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. पण क्रेन चालवणारी बाई ओरडत नाही. वर ओरडून खाली ऐकूच येत नाही कोणाला. ती हाताची घडी घालून बसली आणि नवऱ्याची वाट पाहू लागली.

रॉडनी परगण्याच्या रस्ते खात्यात बर्फ काढायची गाडी चालवायचा. दुपारी तो आला, दारात बूट आपटले, आणि पाहतो तर चुलीवर काही नाही, टेबलावर काही नाही, आणि बायको त्याच्याकडे पाहुण्याकडे पाहावं तशी पाहतेय.

"आपण कोण?" नानुलीने विचारलं.

"अं?"

"नाही, विचारलेलं बरं. मी इथे कुणा सडाफटिंग माणसाच्या घरात राहते म्हणे. सरकारला लिहून दिलंय तसं."

रॉडनीने कागद पाहिला. कान लाल झाले. "हे होय... ते आर्लीन करते ना सगळं."

आर्लीन ही त्याची थोरली बहीण. रॉडनीच्या लेखी कर भरणं म्हणजे फेब्रुवारीत एका रविवारी बहिणीच्या स्वयंपाकघरात जाऊन वेलदोड्याचा गोड पाव खाणं. कानामागे पेन्सिल अडकवून ती आकडे मांडायची, हा खायचा, आणि शेवटी ती जिथे बोट ठेवेल तिथे सही करायचा. तीस वर्षं हेच चाललं होतं.

"सही कोणाची आहे?"

"माझी."

"वाचलं नाहीस?"

"पाव गरम होता, नानू."

एरवी तिला हसू आलं असतं. "हा कागद फाईलीत गेला तर कार्ड देणारा साहेब काय विचारील सांगू? तुझा नवरा लिहून देतो की त्याचं लग्नच झालेलं नाही, मग तू कोण बाई? आणि कागद नाही घातला तर म्हणेल, का लपवला? पाठवतील मला परत. आणि पाठवलं नाही ना, तरी मला चालणार नाही. मी या घरात पुढच्या दाराने आले, रॉडनी. सगळ्यांदेखत आले. तू मला मागच्या दाराशी उभं केलंस."

शेजारच्या खोलीतून आयलीचा आवाज आला. झटक्यानंतर तिचं अर्धंच तोंड हलायचं, पण कान दोन्ही शाबूत होते. "काय झालं गं?"

"काही नाही, आयली," नानुली म्हणाली. "तुमच्या मुलाचं अजून लग्न व्हायचंय, एवढंच."

संध्याकाळी दोघं आर्लीनकडे गेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या डोक्यावर जाईल इतका बर्फ रचलेला. रॉडनीनेच रचलेला.

आर्लीनने दार उघडलं, भावाचा चेहरा पाहिला, भावजयीच्या हातातले कागद पाहिले आणि कॉफी ठेवली. कागद बघून ती जराही गडबडली नाही.

"बरोबरच आहे की. ती कमावते का? नाही. कर कशावर असतो? कमाईवर. मग जिचा पैसा नाही तिचं नाव कशाला? शून्य मिळवलं तरी बेरीज तीच राहते."

"लग्न झालंय ना पण आमचं," रॉडनी म्हणाला.

"ते चर्चमध्ये. इथे आकडे लागतात." मग आर्लीनने कप खाली ठेवला आणि सरळ नानुलीकडे बघत म्हणाली, "आणि खरं ऐकायचंय? तू टिकशील असं मला वाटलं नव्हतं. दोन गल्ल्या सोडून टेड रोहनचं घर आहे. त्याची बायको कार्ड हातात पडलं त्या आठवड्यात शिकागोला गेली ती गेलीच. हा माझा भाऊ. हा कुणालाही हो म्हणतो. याचं नाव तुझ्या नावात गुंतवायचं नाही, असं ठरवलं होतं मी."

बोलली तर बोलली! पण नानुलीला, का कोण जाणे, ते बरं वाटलं. आडून मारलेल्या दहा टोमण्यांपेक्षा तोंडावर मारलेला एक दगड बरा, निदान कुठून आला ते कळतं.

"आता काय वाटतं?" तिने विचारलं.

आर्लीनने खिडकीबाहेर पाहिलं. "परवा नर्स आली होती. म्हणाली, दोन वर्षं पडून असलेल्या म्हातारीच्या पाठीला एक फोड नाही, असं मी पाहिलेलं नाही. मॉमला दर दोन तासांनी कुशीवर वळवतं कोण, ते मला माहीत आहे." मग एकदम कामाच्या आवाजात, "म्हणून यंदा मी तुझं नाव घालणारच होते. अवलंबित म्हणून. माझ्या लेकीचं, शेलीचं, कॉलेज संपेपर्यंत तिचं घालत होते तसं."

हे तिने अगदी बक्षीस द्यावं तसं सांगितलं.

"अवलंबित म्हणजे काय?" नानुलीने नवऱ्याला विचारलं.

"म्हणजे... म्हणजे जिला मी पोसतो, ती."

"तू मला पोसतोस?" नानुली उठून उभी राहिली. "पहाटे तुझ्या डब्यात चीज भरलेली खाचापुरी काय आभाळातून पडते? हातमोजे कोण वाळवतं? तुझी आई कोण पोसतं, चमच्या-चमच्याने? मी अवलंबित! बावीस वर्षं माझ्या खालून माणसं वर बघून चालायची, मी हात हलवला की अख्खा कारखाना थांबायचा, आणि मी याची अवलंबित! त्यापेक्षा ते अविवाहितच राहू दे."

"नाकावर माशी बसू देत नाही ही," आर्लीन म्हणाली. पण पाव मात्र तिने कागदात गुंडाळून दिला, आयलीसाठी.

गावच्या वाचनालयात फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत दर शनिवारी एक टेबल लागतं. कराचे कागद तिथे फुकट करून देतात. टेबलापलीकडे मिसेस ट्रेम्बाथ बसायच्या. निवृत्त झाल्या तरी निम्मा गाव त्यांच्या हाताखाली गणित शिकलेला, त्यामुळे त्यांच्यासमोर कर चुकवायला कोणी धजत नसे. नानुलीने रॉडनीला तिथे नेलं. आर्लीनही आली, बोलावलं नव्हतं तरी, भावाच्या कागदांचा खोका मांडीवर धरून.

"टोपी काढ, रॉडनी लाहटी," मिसेस ट्रेम्बाथ म्हणाल्या. त्याने काढली.

सगळं ऐकून घेऊन त्यांनी चष्मा वर सरकवला. "अविवाहित हे चूक आहे. वर्षाच्या शेवटच्या दिवशी ज्याचं लग्न झालेलं आहे तो विवाहित, मग बायको कमवो न कमवो. दोन्ही वर्षांचे कागद दुरुस्त करून पाठवता येतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही."

"आणि अवलंबित?" आर्लीनने विचारलं.

"पोर अवलंबित असू शकतं. म्हातारी आई असू शकते. बायको नाही, आर्लीन. कधीच नाही. तिने एक पैसा कमावला नसला तरी नाही."

नानुली पुढे सरकली. "पुन्हा सांगता का जरा? माझं इंग्रजी कच्चं आहे."

तिचं इंग्रजी तेवढं काही कच्चं नव्हतं. मिसेस ट्रेम्बाथनाही ते कळलं. त्यांनी वर्गात सांगावं तसं खणखणीत आवाजात पुन्हा सांगितलं, की बायको कुणाची अवलंबित नसते. वर्तमानपत्र वाचत बसलेल्या दोघा म्हाताऱ्यांनी माना वर केल्या. नानुलीची छाती कोटाच्या आत दोन बोटं फुगली.

"आता राहिले दोन रस्ते," मिसेस ट्रेम्बाथ तिलाच म्हणाल्या. "विवाहित, पण वेगवेगळे. मग याचा कागद याचा, तुमचा त्याच्याशी संबंध नाही. कर मात्र जास्त बसेल. किंवा विवाहित आणि एकत्र. कर कमी, पण सह्या दोघांच्या. याची एकट्याची सही मग काही कामाची नाही. आणि नीट ऐका, ती सही शोभेची नसते. यातला शब्द न् शब्द खरा आहे असं दोघं सांगता. उद्या खोटं निघालं तर सरकार दोघांनाही धरतं. कमाई याची असली तरी तुम्हालाही."

"म्हणून वेगवेगळंच बरं," आर्लीन लगेच म्हणाली. आणि या वेळी, खरं सांगायचं तर, ती भावासाठी बोलत नव्हती. "जिने कमावलं नाही तिने मान कशाला अडकवायची?"

"हो, नानू," रॉडनी म्हणाला. "वेगळं लिहिलं तरी लग्न झालंय हे येतंच कागदावर. कार्डाचं काम होईल. जास्तीचे भरू आपण. तुला घोर नको."

काम होण्यासारखं होतं. नानुलीला ते कळलं. पण तिच्या डोळ्यांसमोर झेस्टाफोनीचा कारखाना उभा राहिला. माल तिचा नव्हता, कारखाना तिचा नव्हता, साखळीसुद्धा तिने बांधलेली नसायची. खालचे बांधायचे. पण दांडा ओढायची ती. आणि एकदा दांडा ओढला की वर लटकणारं ते सगळं तिचं, खालून चालणाऱ्या प्रत्येकाचं डोकं तिचं. उचलायचं दुसऱ्याने आणि आपण बाजूला उभं राहायचं, असलं काम तिने केलंच नव्हतं कधी.

"एकत्र," ती म्हणाली.

रॉडनीने तिच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या त्या लाल, वाऱ्याने फाटलेल्या चेहऱ्यावर असं काही पसरलं, की आर्लीनने नजर वळवली. मिसेस ट्रेम्बाथनी कागद तयार केले. रॉडनीने सवयीप्रमाणे न वाचता सही ठोकली आणि पेन बायकोपुढे धरलं.

नानुलीने पेन घेतलं आणि खाली ठेवलं. पहिल्या ओळीखाली बोट धरलं आणि वाचायला लागली. मागे रांग वाढत होती. कोणीतरी खोकलं. नानुली वाचतच राहिली. कारखान्यात साखळी स्वतः डोळ्यांनी तपासल्याशिवाय तिने कधी दांडा ओढला नव्हता, साहेब खाली कितीही हात हलवोत. शेवटच्या ओळीला पोचल्यावर तिने मान वर केली.

"गल्लीतला बर्फ कुठे आहे?"

रॉडनीचे कान पुन्हा लाल झाले. शनिवार-रविवारी तो स्वतःच्या गाडीला फाळ लावून लोकांच्या घरापुढचा बर्फ काढून द्यायचा. पैसे रोख मिळायचे. गावात हे काम करणारे पंधरा-वीस जण होते, आणि त्यातल्या एकानेही ते कधी कागदावर घातलं नव्हतं.

"ते कोणी लिहीत नाही!" आर्लीन कुजबुजली, पण ऐकू गेलं सगळ्यांना. "अख्ख्या गावात कोणी लिहीत नाही!"

मिसेस ट्रेम्बाथ छताकडे पाहू लागल्या.

"नानू," रॉडनी हळूच म्हणाला, "ते धरलं तर वाचलेलं सगळं जाईल."

"जाऊ दे."

"आजवर कोणी विचारलं नाही गं."

"आजवर तू एकटा होतास. तसंच लिहिलं होतंस ना?" तिने पेन बोटाने त्याच्याकडे ढकललं. "इथे लिहिलंय, हे सगळं खरं आहे. मी जे सांगते ते खरंच असतं. माझी सही हवी असेल तर बर्फ घाला. नको असेल तर वेगवेगळे लिहा, मी घरी जाते, आयलीला कुशीवर वळवायची वेळ झालीय."

रॉडनी लाहटी, जो कुणालाही हो म्हणतो, तो बायकोकडे बघत राहिला. मग खुर्चीत सरळ होऊन बसला, मांडीवरची टोपी टेबलावर ठेवली.

"घाला, मिसेस ट्रेम्बाथ," तो म्हणाला. आणि रांगेकडे वळून, उगाचच मोठ्याने, "ही माझी बायको. तिच्या नजरेतून काही सुटत नाही."

असा अभिमान! जणू तिने त्याला पकडलं नव्हतं, बक्षीस मिळवून दिलं होतं. मग एकेक घर आठवायला बसले. हेइक्किनेन बाई, पाद्री, चढावरचं ते निळं घर. आणि गंमत म्हणजे त्याला आठवेना ते आर्लीनला आठवत होतं. "दवाखान्यामागचे ते दोघे भाऊ विसरलास," ती म्हणाली. "लिहायचंच तर नीट लिहा." तेलाचा खर्च, फाळाची दुरुस्ती, तेही मिसेस ट्रेम्बाथनी विचारून विचारून घातलं. मागची दोन आणि यंदाचं, अशा तिन्ही वर्षांचं सगळं उरकायला पुढचा शनिवारही लागला, आणि शेवटी एकत्र लिहिल्याने जे वाचत होतं ते बर्फाने जवळजवळ सगळं खाल्लं.

"म्हणजे एवढा उपद्व्याप करून माझ्या हाती काय लागलं?" रॉडनीने हसत विचारलं.

"मी," नानुली म्हणाली.

सहीच्या शेजारी एक छोटा चौकोन असतो, काय काम करता ते लिहायचा. रॉडनीचं लिहून झालं. मिसेस ट्रेम्बाथनी नानुलीकडे पाहिलं. नानुलीने मान खाली घातली. या चौकोनाची भीती तिला आल्या दिवसापासून होती. बँकेत, दवाखान्यात, जिथे जिथे तो आला तिथे तिने आडवी रेघ मारली होती. आर्लीनने घसा खाकरला, आणि नानुलीला वाटलं, आता ही म्हणणार, लिहा, काही नाही.

"आम्ही मॉमसाठी बाई ठेवायची चौकशी केली होती," आर्लीन म्हणाली. "तिघी लागतील असं सांगितलं होतं, पाळीपाळीने, दिवसाला आणि रात्रीला वेगळी. ही एकटी करते. त्याला सरकारात काय म्हणतात ते लिहा. आणि मोठ्या अक्षरांत लिहा." तिचं नाक लाल झालं होतं. ती खोक्यात रुमाल शोधू लागली.

"घर चालवणारी, असं लिहितात," मिसेस ट्रेम्बाथ म्हणाल्या.

नानुलीने थोडा विचार केला. "आधी क्रेन चालवायचे, आता घर चालवते. चालेल. पण ते मी लिहिणार." आणि तिने ते लिहिलं, एकेक अक्षर सुटं, चौकोनाच्या कडांना टेकेल इतकं मोठं. मग प्रत्येक कागदावर सही केली, आपल्या गोल गोल जॉर्जियन अक्षरांत, जशी पगाराच्या दिवशी कारखान्यात करायची.

"हे काय?" आर्लीनने वाकून पाहिलं.

"मी," नानुली म्हणाली.

तिघं घरी आली तेव्हा शेजारीण आयलीजवळ बसली होती. नानुलीने कोट काढायच्या आधी सासूला कुशीवर वळवलं, उशी सारखी केली. आयलीचे डोळे एकाकडून दुसऱ्याकडे फिरले.

"सगळे मिळून कुठे गेला होतात?"

"तुमच्या मुलाचं लग्न लावायला," नानुली म्हणाली. "झालं एकदाचं. सरकारदरबारी."

आयलीच्या तोंडाची हलणारी बाजू वर गेली. "आर्लीन रडली?"

"रडली."

"लग्नात रडतेच ती." म्हातारीने डोळे मिटले. "काही गोड आहे की नाही मग?"

आर्लीनने पिशवीतून वेलदोड्याचा पाव काढला. कडेचा खमंग तुकडा तिने कापला. तीस वर्षं तो रॉडनीचा ठरलेला, त्याने हातही पुढे केला होता. तिने तो नानुलीच्या हातावर ठेवला.